बॉम्बे हायची नऊ वर्षे

वेसाव्याच्या धक्क्यावर तरीत बसावे आणि खाडी ओलांडून मढला उतरावे, हा आम्हां उपनगरवासीयांचा जुना विरंगुळा आहे. मालाडहून रस्त्यानेही येता येते. परंतु पाण्यावरून जाण्यात जी मौज आहे ती बसमध्ये नाही. कोळीवाड्यातून बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा ओलांडीत पुढे गेले की टोकाशी पोर्तुगीजांचा जुना किल्ला लागतो. 1739 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. तेथून पश्चिमेकडे पाहिले असता दिसते ते केवळ पाणी. परंतु त्याच दिशेने, किंचित वायव्येकडे कलून, सुमारे 160 किलोमीटर गेल्यास समुद्रात लोखंडी मनोरे उभे आहेत. तेथे पाण्याची खोली पाऊणशे मीटरच्या आसपास आहे. त्या तळाखाली हजार-दीड हजार मीटरांवर चुनखडकाचा एक थर आहे आणि त्या थरातून गेली पन्नास वर्षे ह्या देशाला तेल मिळत आहे. त्या जागेस आज मुंबई हाय म्हणतात. ती सापडली तेव्हा बॉम्बे हाय म्हणत असत.

एवढ्या समुद्राखाली, एवढ्या खडकाखाली तेल आहे हे कळले कसे, असा प्रश्न कोणी केला तर सहसा उत्तर मिळते की यंत्राने दिसले. हे उत्तर अर्धे खरे आहे. यंत्राने एक आकृती दिली. त्या आकृतीत तेल दिसत नव्हते; आणि आकृती मिळाल्यापासून तेल हाती येईपर्यंत जवळजवळ नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांचा इतिहास आम्हांस आजच्या व्याख्यानात सांगावयाचा आहे. सोहळ्यांच्या भाषणांत तो गाळला जातो. ‘शास्त्रज्ञांनी शोधले, आयोगाने खोदले, तेल लागले’ एवढ्या तीन वाक्यांत सारे आटोपते आणि मधल्या शंका कोणी सांगत नाही.

प्रथम ती आकृती कशी मिळते ते पाहू. लहानपणी आपण सर्वांनीच विहिरीत डोकावून हाक मारली आहे. हाक तळाशी आपटून परत येते आणि ती यावयास किती वेळ लागला ह्यावरून विहीर खोल की उथळ ह्याचा अदमास बांधता येतो. भूगर्भाची पाहणी ह्याच तत्त्वावर चालते. 1849 साली रॉबर्ट मॅलेट नावाच्या आयरिश गृहस्थाने डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर वाळूत बंदुकीची दारू पुरून उडविली आणि तो धक्का जमिनीतून किती वेगाने जातो हे मोजले. भूकंप समजून घ्यावा एवढाच त्याचा हेतू होता. पुढे 1921 साली अमेरिकेत ओक्लाहोमा येथे जॉन कार्चर आणि त्याचे सहकारी ह्यांनी जमिनीखालच्या थरांवरून परत फिरलेल्या लहरी टिपून दाखविल्या, आणि तेल शोधणाऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले. समुद्रात हे काम जहाजावरून होते. एका ठिकाणी धक्का द्यावयाचा आणि जहाजामागे ओढलेल्या लांब तारेवरील उपकरणांनी खालून येणारे पडसाद टिपावयाचे. 1960 च्या दशकात ह्या कामी सुरुंगच सर्रास वापरीत. दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या बंदुका त्या दशकाच्या अखेरीस रुळल्या.

आता ह्यातील मेख लक्षात घ्यावी. पडसादाने जो मिळतो तो वेळ. खोली मिळत नाही. वेळेवरून खोली काढावयाची तर खडकातून लहर किती वेगाने गेली हे माहीत पाहिजे, आणि छिद्र पाडून पाहिल्यावाचून तो वेग नेमका कळत नाही. समजा, लहरीला जाऊन येण्यास 1.2 सेकंद लागले. वेग सेकंदाला 2400 मीटर धरला तर थर 1440 मीटरांवर येतो. 2200 धरला तर 1320 मीटरांवर. वेगाच्या अदमासात थोडा फरक पडला की थर 120 मीटर वर किंवा खाली सरकतो. फुगवट्याची उंचीच जर पन्नास-साठ मीटर असेल तर हिशेबातली ही चूक सबंध फुगवट्याला गिळून टाकील!

ह्याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. वरच्या थरांत एखाद्या ठिकाणी कठीण खडक असला की तेथून लहर भरभर जाते आणि खालचा पडसाद लवकर परत येतो. कागदावर मात्र खालचा थर त्या जागी वर उचललेला दिसतो. वस्तुतः तो सपाट असतो. तेल शोधणारा मनुष्य उलट्या परातीसारखा फुगवटाच शोधीत असतो, कारण तेल पाण्याहून हलके असल्याने वर सरकत जाऊन अशा परातीखाली साठते. आणि नेमका तसाच फुगवटा हे कठीण खडक खोटेपणाने उभा करतात. शिवाय बारीक थर ह्या पद्धतीला दिसतच नाहीत. सेकंदाला तीस आवर्तनांची लहर 3000 मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी 100 मीटर भरते, आणि त्याच्या चतुर्थांशाहून, म्हणजे 25 मीटरांहून पातळ थराचे वरचे व खालचे तोंड वेगवेगळे ओळखणे कठीण जाते. पंचवीस मीटर म्हणजे सात-आठ मजल्यांची इमारत झाली.

येथे कोणी म्हणेल, जुन्या काळी कागदाच्या पट्ट्या होत्या, आता संगणक आहेत, मग ही अडचण राहिली कोठे? आकृती पुष्कळ स्वच्छ झाली हे खरे. पण आकृती वाचणारा माणूस तोच आहे. 2007 साली क्लेअर बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर भूगर्भाचा एक छेद स्वतःच रचला, म्हणजे त्याचे खरे उत्तर त्यांच्यापाशी होते, आणि त्याची पडसाद-आकृती 412 भूशास्त्रज्ञांपुढे ठेवली. बरोबर उत्तर देणारे निघाले शेकडा 21. बहुतेकांनी आपापल्या सवयीचा, आपण ज्या प्रकारच्या प्रदेशात काम केले तशाच प्रदेशाचा अर्थ त्या रेघांतून काढला. हे अडाण्यांचे काम नव्हते. त्यांत वर्षानुवर्षे ह्याच उद्योगात घालविलेली माणसे होती.

मढच्या एका वयोवृद्ध नाखव्याला आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. हल्ली मोठ्या होड्यांवर मासळी दाखविणारे यंत्र असते. तेही पडसादावरच चालते. पडद्यावर पुंजका दिसतो, पण तो सुरमईचा की आणखी कशाचा, हे जाळे वर आल्यावर कळते, असे ते म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या हाती तेवढेही नव्हते. डोलीचे जाळे बांधण्यासाठी समुद्रात खुंट ठोकताना तो कसा आत जातो ह्यावरून तळ चिखलाचा की कठीण हे त्यांस समजे. ठोकून पाहणे आणि पडसाद ऐकणे ह्यांतला भेद त्यांनी आम्हांस दोन वाक्यांत सांगितला; आम्हांला त्यासाठी एवढा विस्तार करावा लागला.

असो. आता इतिहासाकडे वळू. 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला तेव्हा हिंदुस्थानात तेल म्हणजे आसाम, असेच समीकरण होते. केशवदेव मालवीय हे त्या खात्याचे मंत्री. पाश्चात्त्य कंपन्यांचा येथील प्रदेशावर फारसा भरवसा नव्हता. रशियन तज्ज्ञांनी मात्र शोध घेण्याजोगे पुष्कळ आहे असे मत दिले. 1958 साली खंभातजवळ आणि 1960 साली अंकलेश्वरला तेल लागले. खंभातचे खोरे दक्षिणेस समुद्रात उतरते. मग समुद्राखाली काय आहे, हा प्रश्न ओघानेच आला.

त्यासाठी रशियन जहाज आले. त्याचे नाव अकादमिक अर्खांगेल्स्की. 1964 पासून पुढे काही वर्षे भारतीय व रशियन मंडळींनी त्यावरून खंभातचे आखात आणि मुंबईपर्यंतचा समुद्र ह्यांची पाहणी केली. ह्या पाहणीत मुंबईच्या पश्चिमेस एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. ‘हाय’ हा शब्द त्यावरूनच आला. त्याचा अर्थ उंचवटा, तेल नव्हे. लोकांच्या मनात मात्र आज ‘हाय’ म्हणजे तेलाची विहीरच झाली आहे.

त्या वेळी हाती असलेल्या आकृतीवरून काय म्हणता येत होते? एवढेच की तेथे थर वर आले आहेत आणि उंचवटा फार मोठा आहे. ओळीने चार शंका मात्र उभ्या होत्या. उंचवटा खरा की वेगाच्या हिशेबाने निर्माण झालेला? खरा असल्यास त्यातील खडक तेल धरून ठेवण्याइतका सच्छिद्र आहे काय? तेल तयार होण्याजोगा गाळ आसपास आहे काय, आणि ते तयार होऊन वाहू लागले तेव्हा हा उंचवटा तेथे झालेला होता काय? आणि वरचे घट्ट चिकणमातीचे झाकण कोट्यवधी वर्षे शाबूत राहिले काय? ह्यांपैकी पहिल्या शंकेचे उत्तर पडसाद थोडेफार देतो. बाकीच्या तीन शंकांबाबत तो जवळजवळ मुका आहे. एकेका शंकेचा निकाल अनुकूल लागण्याचा संभव अर्धाअर्धा धरला तरी चारही अनुकूल लागण्याचा संभव सोळात एक एवढाच उरतो. नव्या प्रदेशात खोदलेल्या नऊ-दहा विहिरींमागे एखादीच लागते, असा त्या काळी अमेरिकेतही अनुभव होता.

आणि ही विहीर खोदावयाची कोठे, तर भर समुद्रात. देशापाशी त्यासाठी यंत्र नव्हते, परकीय चलनाची ओढाताण होती. 1965 ते 1967 ही अवर्षणाची वर्षे कशी गेली ते वडीलधाऱ्यांना विचारावे. धान्यासाठी हात पसरावा लागत होता. अशा वेळी समुद्रतळाच्या एका फुगवट्यावर कोट्यवधी रुपये लावा असे सांगणारा अधिकारी आपल्या शब्दांची किती काळजी घेत असेल, ह्याची कल्पना करावी. त्याने ‘तेल नक्की आहे’ असे सांगितले असते तर तो खोटे बोलला असता. ‘सांगता येत नाही’ एवढेच म्हटले असते तर काम तेथेच थांबले असते.

मधल्या काळात आयोगाने सोपी वाट धरली. नर्मदेच्या मुखाजवळ, खंभातच्या आखातात, अलियाबेट येथे उथळ पाण्यात मंच उभारला. मार्च 1970 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते तेथील खोदकामाचा आरंभ झाला. समुद्रातली ही देशाची पहिली विहीर. मोठ्या प्रमाणावर तेल काही तेथून मिळाले नाही. ह्या विहिरीची कोणी आता आठवण काढीत नाही. आम्हांला मात्र ती महत्त्वाची वाटते. शास्त्र तेच होते, आशाही तेवढीच होती, आणि ज्या पाहणीच्या बळावर पुढे बॉम्बे हायवर जावयाचे होते तिच्याच जातीची पाहणी तिच्यामागे होती. ह्या अनुभवानंतरही आयोगाने दूरच्या उंचवट्याचा नाद सोडला नाही.

दशकाच्या आरंभी उंचवट्यावर अधिक दाट रेषांची पाहणी झाली. जपानात बांधलेले ‘सागरसम्राट’ 1973 साली दाखल झाले. हे एक तरंगते यंत्र. ठरल्या जागी नेऊन लांब पाय समुद्रतळावर टेकवावयाचे आणि मग सारा डोलारा पाण्यावर उचलावयाचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेली तेलाची किंमत काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेली. देशाला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे दोन-तृतीयांश बाहेरून येत होते. फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हायवरच्या पहिल्याच विहिरीस तेल लागले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, 1978 पर्यंत समुद्राखालून उरणपर्यंत नळ आले, आणि 1989 च्या सुमारास ह्या एका क्षेत्रातून दररोज चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते.

पहिल्याच घावाला यश आल्याने एक गैरसमज मात्र कायमचा रुजला. झाल्यावर वाटते की हे होणारच होते. तसे नव्हते हे समजण्यासाठी अलास्काच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातली मकलुक ही जागा पाहावी. तेथे असाच प्रचंड फुगवटा दिसला होता. शेजारच्या प्रदेशात अमेरिकेतले सर्वांत मोठे तेलक्षेत्र सापडलेले होते. कंपन्यांनी खोदण्याच्या हक्कासाठीच अफाट पैसा मोजला, समुद्रात खडीचे बेट उभारले, आणि सारा मिळून दीड अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला. डिसेंबर 1983 मध्ये विहीर इष्ट खोलीवर पोचली. फुगवटा होता, सच्छिद्र खडक होता, त्या खडकावर तेलाचे डागही होते. तेल मात्र केव्हाच निसटून गेले होते. आकृती वाचण्यात कोणाची चूक झाली नव्हती. आकृतीला जे ठाऊकच नव्हते ते तिने सांगितले नाही. बॉम्बे हायवर झाकण टिकले, मकलुकला टिकले नाही. आधी दोहोंच्या आकृत्या शेजारी ठेवल्या असत्या तर हा भेद कोणास दाखविता आला नसता.

तेल लागल्यावरही शंका संपत नाहीत. किती आहे, हा प्रश्न उरतोच. बॉम्बे हायचा चुनखडक एकसंध नाही. घट्ट व सच्छिद्र थर एकावर एक रचलेले आहेत, आणि तेल कोठून कोठे वाहील हे विहिरीमागून विहीर पाडीत शिकावे लागले. उत्पादन उतरणीस लागल्यावर, 2000 नंतर, सबंध क्षेत्राचा नव्याने विचार करून पुनर्विकासाचे काम काढावे लागले. पूर्व किनाऱ्याच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तर खोल समुद्रातील डी-1 व डी-3 ह्या वायुक्षेत्रांतील साठा आधी सुमारे दहा लाख कोटी घनफूट धरला होता. उत्पादन भराभर घसरल्यावर 2012 साली तो तीन लाख कोटींच्या आसपास आणावा लागला. वायूची मौज अशी की खडकात तो अल्प असला तरी पडसाद भरपूर वायू असल्यासारखाच झळाळतो.

आणि समुद्र सोडून आपल्या पायाखालची जमीन घेतली तर अडचण दुप्पट होते. मढच्या खडकांवर उभे राहिले की आपण ज्वालामुखीच्या थरांवर उभे असतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही त्याच कुळीची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या अशाच काळ्या थरांनी झाकलेला आहे. हे थर लहरींना विखरून टाकतात, शोषून घेतात. खालून येणारा पडसाद क्षीण व गोंधळलेला असतो. काळ्या खडकाखाली गाळाचे खडक असतील काय, ही शंका म्हणून फार दिवस रेंगाळली. सौराष्ट्रात छिद्र पाडल्यावर ते मिळाले. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर छिद्र पाडले तेव्हा 338 मीटर काळा खडक आणि त्याखाली अवघा आठ मीटर गाळाचा थर निघाला. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी 2011 नंतर खोल छिद्रे पाडली. तेथे एका ठिकाणी सुमारे 930 मीटर काळा खडक संपताच खाली थेट ग्रॅनाइटजातीचा जुना खडक लागला, मधे गाळ नाहीच. तिन्ही ठिकाणी वरून दिसणारा दगड एकच होता.

ही सारी हकीकत ऐकून झाल्यावर त्या नाखव्यांनी आम्हांस एक प्रश्न केला. मुंबई-पालघरच्या समुद्रात पाहणीची जहाजे येतात तेव्हा त्यांच्यामागे किलोमीटरच्या किलोमीटर तारा असतात. होड्यांना दूर राहावे लागते, जाळी काढून घ्यावी लागतात. मच्छिमारांच्या संघटनांनी त्याबद्दल भरपाईची मागणी वेळोवेळी केली आहे. त्यांचा प्रश्न असा की, खाली काही आहे की नाही हे जर जहाजवाल्यांनाच ठाऊक नाही, तर आम्ही जाळी काढावयाची ती कशाच्या भरवशावर? आम्ही म्हटले की ठाऊक नाही म्हणूनच पाहणी करावी लागते. ते हसले आणि म्हणाले, ‘ते आम्हांलाही कळते. तेल लागो न लागो, आमचे दिवस तर गेले ना! मग भरपाई तेलावर नको, दिवसांवर मोजा.’